तिसरी हयात आहे

खून आणि दरोड्यांचे तपास मी बरेचसे विसरले. एका अर्जाचा तपास मात्र अजून दिवसवार सांगू शकते. त्यात प्रेत नव्हते, चोरीचा माल नव्हता, कोणाला बेडीही पडली नाही. नावे लिहीत नाही. त्यातली काही माणसे अजून त्याच गावात आहेत आणि बाजारात भेटली की माझ्याशी बोलतात.

निजामी अमदानी होती. मी मोमिनाबादच्या ठाण्यात होते. आज त्या गावाला पुन्हा अंबाजोगाई म्हणतात. माझा नवरा त्याच ठाण्यात मोहर्रिर, म्हणजे लेखनिक होता. प्लेगात तो गेला तेव्हा अमीनसाहेबांनी वर लिहून मला जागा मिळवून दिली. अमीन म्हणजे आजचा फौजदार. कागदावर माझा हुद्दा ‘जनानी झडतीवाली’ असा होता. बायकांची झडती घेणे, पडद्यातल्या बायकांचे जबाब घेणे, बाई कैदी असेल तर तिच्याबरोबर बीडला जाणे, हे माझे काम. वर्दी नव्हती, नुसता पितळी बिल्ला होता. जमादारकी मिळाली ती निजामी गेल्यावर, आणि त्याच हुद्द्यावर मी निवृत्त झाले. उर्दू मला बोलता येत होती, वाचता येत नव्हती. मोडी मात्र नवऱ्याने शिकवली होती आणि त्या वेळी ठाण्यात मोडी वाचणारे माझ्याशिवाय कोणी उरले नव्हते.

चैत्रात बीडच्या मोहतमीम, म्हणजे जिल्हा पोलीस प्रमुखाच्या, कचेरीतून एक जाड लखोटा आला. अमीनसाहेबांनी आतले कागद दोनदा वाचले आणि मला हाक मारली.

“बाई, स्वित्झर्लंड कुठं आहे?”

“मला परळीपर्यंतचं ठाऊक आहे, साहेब.”

“विलायतेच्या बाजूला आहे. मुलूख लहान, पण पैसा इतका की जगातून लोक तिथं घर करायला बघतात. तिथल्या पोलिसांना आपल्याकडून जवाब पाहिजे.”

हकीकत अशी होती. घाटनांदूरजवळच्या एका खेड्यातल्या खात्यापित्या घरचा एक माणूस मोमिनाबादच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. हात इतका हलका, की सुई टोचलेली कळत नसे. हैदराबादच्या एका जागीरदारांना क्षय झाला आणि ते त्या देशातल्या डोंगरावर औषधपाण्यासाठी गेले, तेव्हा याला बरोबर घेऊन गेले. जागीरदार बरे होऊन परतले. याला तिथल्या डॉक्टरने ठेवून घेतले. त्याला तीन वर्षे झाली होती. आता त्याने तिथे कायम राहण्याचा परवाना मागितला होता, स्वतःसाठी आणि बायकोसाठी.

तिथल्या पोलिसांचे प्रश्न मला ओळखीचे वाटले. मुलूख कोणताही असो, पोलीस तेच विचारतात. माणसाची चालचलन कशी आहे? कधी शिक्षा झाली का? उपाशी राहून सरकारच्या गळ्यात पडणार नाही ना? बायकोला क्षय किंवा महारोग नाही ना? शेवटचा प्रश्न मात्र आमच्याकडे कोणी विचारत नसे: ही सोडून त्याची दुसरी बायको हयात नाही ना? त्या देशात एका पुरुषाला एकच बायको. दुसरी निघाली तर अर्ज कायमचा रद्द, आणि नवऱ्यालाही तिथून हलावे लागणार. या प्रश्नावर बायकोचा स्वतःचा जबाब, अंगठ्यासकट, हवा होता. आमचे उत्तर पुढच्या शनिवारच्या टपालाने निघाले तरच हैदराबादहून मुदतीत जहाजावर चढणार होते.

“सीधी गोष्ट आहे,” अमीनसाहेब म्हणाले. “रविवारी जाऊन अंगठा घेऊन या.”

मी मान हलवली, पण डोक्यात वेगळेच चालू होते. माझ्याच वयाची एक बाई, अक्षरओळख नसलेली, आगगाडीत बसणार, जहाजात बसणार आणि जिवंत नवऱ्याकडे जाणार. मी लिहिती-वाचती, आणि मी बायकांच्या ओच्यात हात घालून अफू शोधत होते. मला हेवा वाटला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढची गोष्ट त्याशिवाय नीट समजणार नाही.

शुक्रवारी ठाण्यात निनावी पत्र आले. मोडीत होते म्हणून अमीनसाहेबांनी माझ्याकडे सरकवले. मी मोठ्याने वाचले:

“कंपाउंडराची लग्ने चार. पहिली बाळंतपणात वारली. दुसरी तापाने वारली. तिसरी हयात आहे. अर्जात चौथीला एकटी बायको म्हणून दाखवले आहे. तिसरी त्याच्याच शेतात विहिरीजवळ आहे. सरकारने समक्ष पाहावे. यात अक्षर खोटे निघाल्यास देव मला बघेल.”

“या अल्ला!” अमीनसाहेब म्हणाले. “इथं मला एक झेपत नाही, आणि हा घरात एक, शेतात एक ठेवून विलायतेला गेला!”

खोटे निनावी पत्र लांब असते, असा माझा अनुभव. लिहिणाऱ्याला धीर नसतो. तो शिव्या घालतो, शपथांवर शपथा घेतो, देशाची काळजी करतो. हे पत्र सात-आठ वाक्यांचे होते. कागद जाड आणि पांढरा होता. उजेडाला धरला की आत एक छाप दिसे. असा कागद मोमिनाबादच्या बाजारात मिळत नव्हता. मी तो पदराला बांधला आणि रविवारी सकाळी छकड्याने निघाले. वाटेत मी खुशीत होते. तेही सांगून टाकते.

गावात आधी पोलीस पाटलाला गाठले.

“कंपाउंडराची लग्नं किती झाली, पाटील?”

“चार.”

“तिसरी बायको मेली?”

पाटलाने कान खाजवला. “न्हाई.”

“मग कुठं आहे?”

“बाई, तुमी घरच्यांना इचारा. मला कावून त्यात घालता? माझी बी लेकरंबाळं हायती.”

घरी कंपाउंडराची थोरली भावजय पुढे आली. चाळिशीची, ठसठशीत, बोलायला गोड. माझ्या बिल्ल्याकडे बघून तिने पाटावर घोंगडी टाकली, गुळाचा चहा केला आणि न विचारता धाकट्या जावेचे कौतुक सुरू केले.

“आमची धाकली लई नशिबाची बघा. कवा शाळंचं तोंड बघितलं न्हाई, आन् निघाली विलायतंला. हे बघा, भावजींनी चित्र धाडलंय.”

पंचांगात जपून ठेवलेले ते रंगीत कार्ड तिने माझ्या हातात दिले. पांढरे डोंगर, निळे तळे, आणि पुढे हिरव्या गवतात चरणाऱ्या गायी. डोंगर आणि तळे माझ्या डोळ्यांत भरले नाहीत. मी मेंढरा-गुरांच्या घरात वाढले. माझी नजर त्या गायींच्या कासांवर अडकली. आमच्याकडे त्या महिन्यात जनावरे पाचटावर जगत होती.

“शेर शेर दूध काय, घागरीनं देत असतील,” मी म्हणाले.

“आन् धार काढायला आमची धाकली!” जाऊ हसली. मीही हसले. दोघींचेही हसणे चांगले नव्हते.

धाकटी आत भाकरी करत होती. मी तिच्यासमोर बसले आणि जावेला बाहेर पाठवले. जबाब घेताना बाईच्या हातातले काम थांबवायचे नाही, ही माझी पद्धत. हात चालू असला की तोंड सांभाळायला बाईला जड जाते.

“तुमच्या मालकांची लग्नं किती?”

“चार.”

“तुम्ही कितव्या?”

“चौथी.” हे तिने फार घाईने सांगितले.

“तिसरी मेली का?”

“न्हाई.”

“सोडली?”

“न्हाई.”

“मग ती आहे कुठं?”

तिचे हात थांबले. तव्यावरची भाकरी करपू लागली तरी तिने उलटली नाही. मीच उलटली.

“हे बघा,” मी म्हणाले, “तुम्ही एकट्याच बायको आहात असा तुमचा जबाब गेला नाही, तर तुमचं जाणं रद्द होईल. पुन्हा अर्ज करता येणार नाही. तुमच्या मालकांनाही तिकडून घालवतील. कळतंय?”

“कळतंय.”

“मग सांगा, तिसरी कोण?”

“बाई, मला मारा, हिरीत ढकला. मला ते तोंडानं बोलता यायचं न्हाई.”

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते, भीती होती. आणि मी ती भीती गुन्हेगाराची समजले, कारण मला तसेच समजायचे होते. त्याच वेळी उठून ‘पत्रातील मजकूर खरा’ असा शेरा मारला असता तर काम संपले असते. पण जागा पाहिल्याशिवाय शेरा मारायचा नाही हे नवऱ्याने शिकवलेले होते. पत्रात तर जागाच लिहिली होती. पाटलाला घेऊन मी शेतात गेले.

विहिरीजवळ एक खोपटे होते. मी त्याची झडती घेतली. झडतीत मला कोणी शिकवायचे कारण नव्हते. जिथे बाई राहते तिथे फणीला केस सापडतो, कोनाड्यात कुंकवाची डबी असते, चुलीजवळ राख वेगळी काढून ठेवलेली असते. तिथे सालगड्याची एक थाळी, एक तांब्या आणि तंबाखूची चंची होती. त्या खोपट्यात महिनोन्‌महिने बाईचा पाय पडलेला नव्हता.

मी बाहेर आले आणि विहिरीच्या कडेला बघितले. पुरुषभर उंचीचे रुईचे झुडूप होते. रुई कुठेही उगवते, तिच्याकडे कोणी बघत नाही. पण या झुडपाभोवती दगडांचे आळे होते, आणि चैत्राच्या उन्हात आळ्यातली माती ओली होती. बुंध्याला कुजलेले सूत गुंडाळलेले होते. त्यात काळे मणी होते.

“हिला पाणी कोण घालतं?” मी सालगड्याला विचारले.

“धाकल्या मालकीणबाई. दर शनवारी.”

“कावून?”

त्याने दोन्ही कान धरले. “ते आमी बोलत न्हाई, बाई.”

पाटील दुसरीकडे बघत होता. मी सरळ गावच्या भटजींकडे गेले. ते म्हातारे होते, ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. त्यांनी मात्र एका दमात सांगितले.

“दोन बायका मेलेल्या पुरुषाची तिसरी जगत नाही, असा समज आहे. म्हणून तिसरं लग्न रुईशी लावायचं. अंतरपाट, मंगलाष्टकं, मणी, सगळं. मी स्वतः लावलं. नंतर जी बाई येते ती चौथी. तिसरीवरचं गंडांतर रुईनं घ्यायचं.”

आमच्या लोकांत बाई गेलेला पुरुष सरळ म्होतूर लावतो, एखाद्या विधवेशी दुसरे लग्न करतो. ही रीत मी तोपर्यंत ऐकलेली नव्हती.

“मग एवढं लपवायचं कशाला?”

“बहुतेक रुई दोन-चार महिन्यांत वाळते. मग तिसरी गेली असं समजून लोक मोकळे होतात. ही वाळलीच नाही. नऊ वर्षं झाली. विहिरीची ओल, त्यात धाकटी सून पाणी घालते. तिसरी मेलेली नाही, हे खरंच आहे की.”

“पण ‘ते झाड आहे’ असं ती मला सांगत का नाही?”

भटजींनी अडकित्ता खाली ठेवला. “कसं सांगेल? ‘ते नुसतं झाड’ असं तिनं म्हटलं, की ते लग्न मोडलं. ते लग्न मोडलं, की ही तिसरी झाली. तिसरी झाली, की गेली. घरातलं लहान पोरसुद्धा तो शब्द काढत नाही.”

“तुम्ही आत्ता काढलात.”

“मी कुठं काढला? मी रीत सांगितली.”

तर त्या रविवारी दिवस मावळायच्या आत मला सगळे कळले होते. तिसरी म्हणजे रुईचे झुडूप. बाई निर्दोष, अर्ज खरा, पत्र खरे आणि तरी खोडसाळ. मोमिनाबादला परतून अमीनसाहेबांना हे पाच मिनिटांत सांगता आले असते.

मी सांगितले नाही. सोमवारी रोजनाम्यात ‘तपास चालू’ अशी नोंद करवली. मंगळवारी तीच. बुधवारी तीच. पत्र कोणी लिहिले ते सापडल्याशिवाय तपास पुरा होत नाही, असे मी साहेबांना सांगत होते. स्वतःलाही तेच सांगत होते. खरे कारण इतकेच, की शनिवार गेला तर ती बाई जाणार नव्हती, आणि त्यात माझे नाव कुठेच येणार नव्हते. मी काही करत नव्हते. नुसती उशीर करत होते. सरकारी नोकरीत माणसाचे वाटोळे करायचे तर तेवढे पुरते.

गुरुवारी सकाळी अमीनसाहेब वैतागले. “बाई, आज पत्र लिहिणारा सापडला तर ठीक. नाही तर मी ‘शक आहे’ लिहून कागद रवाना करतो.”

‘शक आहे’ एवढ्या दोन शब्दांवर तो अर्ज मेला असता, आणि त्या शब्दांमागे तपास माझा असणार होता. मी पुन्हा छकडा जोडायला लावला.

गावाच्या शिवेवर डाकवाला भेटला. मी त्याच घरी चालले आहे म्हटल्यावर त्याने पायपीट वाचवायला एक पत्र माझ्या हाती दिले. परदेशी तिकीट, थोरल्या भावाच्या नावाने. नवऱ्याने बायकोला पत्र लिहायचे नाही, अशी त्या घरची चाल. कंपाउंडर भावाला लिही आणि शेवटी ‘घरच्यांना आशीर्वाद’ म्हणे. ते ‘घरचे’ म्हणजे बायको. तीन वर्षांत तिच्या नावाने एक ओळ आलेली नव्हती.

थोरला भाऊ रानात गेला होता. माझा संशय त्याच्यावरच होता, कारण घरात मोडी येणारा तो एकटा, असे पाटलाने सांगितले होते. जाऊ म्हणाली, “फोडा तुमीच आन् वाचा. मालक सांजच्याला येतील.”

मी लखोटा फोडला. कागद जाड, पांढरा. उजेडाला धरला. तीच छाप. पत्राचा अर्धा कागद कोरा होता. असे कोरे अर्धे याच घरात साठत होते, हे मला तिथेच कळले.

मी वाचू लागले. तब्येत बरी आहे, बर्फ वितळू लागले आहे, दाखल्याचे काय झाले, घरच्यांना आशीर्वाद. जाऊ माझ्या खांद्यामागे उभी होती. मी कागदाची घडी घालू लागले.

“आन् चटणीचं?” ती म्हणाली.

“कसली चटणी?”

“कडंला लिवलंय की. ‘वहिनींच्या हातच्या शेंगदाण्याच्या चटणीची फार आठवण होते.’ तेवढं कावून गाळलं?”

ती ओळ मी मुद्दाम गाळली नव्हती. समासात आडवी लिहिली होती आणि चटणीचा तपासाशी संबंध नव्हता. मी तिच्याकडे बघितले. पत्र मी तिच्यासमोर फोडलेले. तिच्या मालकाने ते पाहिलेलेही नव्हते. तिच्याही ध्यानात आले. तिने तोंडाला पदर लावला, पण वेळ गेली होती.

“मोडी कुठं शिकलात?”

तिने तोंडावरचा पदर काढला. मग खाली बसली. “भावाला मास्तर शिकवायचे. मी सुपात दाणे पसरून त्यावर गिरवायची. लगीन झाल्यावर सांगितलं न्हाई. वाचणारी बाई घर मोडती म्हणत्यात.”

मी पदराची गाठ सोडून निनावी पत्र तिच्यापुढे ठेवले.

“हे तुमचं?”

“खोटं काय लिवलंय त्यात? सांगा. एक तरी अक्षर खोटं हाय का?”

“नाही.”

“मग?”

“मग सही का केली नाही?”

 मग ती एकदम पेटली. “बावीस वर्सं ह्या घरात काढली. मी वाचणारी, मी हिशोबाची. आन् जिला पाटी कशाशी खात्यात ठाव न्हाई, तिला साता समुद्रापार घर! मी इथं मरस्तवर तिच्या वाटणीच्या बी भाकरी थापू? तुमी न्हाई का जळलात, बाई? ते गायीचं चित्र हातात घेतलंत तवा तुमचं तोंड मी बघितलंय.”

चोरांनी, बदमाशांनी मला पुष्कळ बोलून घेतले आहे. कधी लागले नाही. हे लागले. मी तशीच वळले, दारात गेले आणि धाकटीला हाक मारली.

ती परसातून आली, हात शेणाने भरलेले. मी तिला उभ्या उभ्याच सांगितले, कारण वेळ तेवढाच होता.

“तिसरी कोण ते मला कळलंय. भटजींचा जबाब मी घेते. पण त्या लोकांना तुमचा स्वतःचा जबाब पाहिजे. तुम्ही तुमच्या तोंडानं सांगितलं आणि अंगठा दिला, तर कागद परवा निघेल. नाही सांगितलं, तर निघणार नाही. मी तुम्हाला जोर करत नाही. तुमच्या भीतीला हसतही नाही.”

ती धोतऱ्याच्या फुलासारखी पांढरी पडली. पण पुढे जे झाले ते माझ्या हिशेबात नव्हते. जाऊ उठली, धाकटीकडे धावली आणि तिचे तोंड हाताने दाबले.

“नगं म्हणूस गं! नगं बोलूस! तिसरी होशील, मरशील!” मग माझ्याकडे वळून, “बाई, मी हिला हितं ठिवायला लिवलं वो. मारायला न्हाई लिवलं.”

तिने हे खरोखर मनापासून म्हटले. ती खोटे बोलत असती तर मला बरे वाटले असते.

धाकटीने जावेचा हात बाजूला केला. हलकेच केला.

“बाई, एक इचारू?”

“विचारा.”

“तिकडं गेल्यावर मी कितवी, हे इचारणारं कोणी हाय का?”

“विचारलंय की त्यांनीच. म्हणून तर मी आले.”

“ते एकदाच इचारत्यात,” ती म्हणाली. “हितं रोज मोजत्यात. वाढताना मोजत्यात, हळदी-कुंकवाला मोजत्यात. चौथी आली, चौथीला बोलवा. मी पाणी घालते तिला, ती जगावी म्हणून न्हाई. ती वाळली तर मीच मारली म्हणतील म्हणून. मला तिचा हेवा वाटायचा. तिला कोणी बोलत न्हाई.”

मग तिने हात धुतले, पदर नीट केला आणि माझ्यासमोर बसली.

“लिवा. ते रुईचं झाड हाय. नुसतं झाड हाय. त्यांची तिसरी मी.”

जाऊ भिंतीकडे तोंड करून बसली. मी लिहिले, वाचून दाखवले, पाटील आणि सालगडी यांना साक्षीदार घेतले. धाकटीने अंगठा दिला. तो इतक्या जोराने दाबला की शाई कागदाच्या मागे उतरली.

शुक्रवारी अमीनसाहेबांनी उर्दूत अहवाल लिहिला. “झाडाशी निकाह!” ते दर ओळीला थांबत होते. “तिथले साहेब म्हणतील, मोमिनाबादचा अमीन भांग पितो.” तरी त्यांनी नीट लिहिले: तिसरे लग्न केवळ धार्मिक विधी, वधू मनुष्य नाही, समक्ष पाहिले, अर्जदाराची हयात बायको एकच. भटजींचा जबाब जोडला. थोरल्या जावेबद्दल मी विचारले तेव्हा म्हणाले, “एक अक्षर खोटं नाही, तर जुर्म कशाचा लावू? निनावी खरं बोलण्याला कलम नाही.” शनिवारच्या टपालाने कागद गेला. चार दिवस आधी जाऊ शकला असता हे त्यांना मी त्याच दिवशी सांगितले. त्यांनी पुढचा कागद ओढून घेतला.

परवाना आला. पाऊस संपल्यावर बाई घाटनांदूरच्या स्टेशनातून गेली. ती पुढे पुष्कळ वर्षे जगली आणि तिकडेच राहिली. तिसरी म्हणून तिला काही झाले नाही. झाले असते तर मी हे लिहिले असते की नाही, सांगता येत नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवले, ते सांगते. मत्सरी माणूस खोटे बोलतो असे आपण समजतो. तसे क्वचित होते. खोट्याला पुरावा लागतो आणि ते उघडे पडते. मत्सरी माणूस खरेच बोलतो, फक्त पुरे बोलत नाही, आणि उरलेला भाग ऐकणाऱ्याने आपल्या मनाने भरावा म्हणून मोकळा सोडतो. तो मी भरला. पत्रातली तिसरी कोण याचा शोध घेण्याआधी मी तिला डोळ्यांपुढे उभी केली होती: शेतात लपवलेली, रडकी, फसवलेली बाई. ती कुठेच नव्हती. मला हवी होती म्हणून ती मला दिसली. आणि खरे कळल्यावरही मी चार दिवस गप्प बसले. जावेने निदान पत्र लिहिण्याचे कष्ट घेतले होते.

पुढे नोकरीत तीन वेळा असे झाले, की एखाद्या बाईचा कागद समोर आला आणि मला तसाच हेवा वाटला. तिन्ही वेळा मी तो तपास दुसऱ्याकडे द्यायला सांगितले. तपास सोडायचा तर खात्यात कारण द्यावे लागते. मी प्रत्येक वेळी एकच कारण दिले: बाई माझ्या नात्यातली आहे.